आई होण्याआधी किडनीला विचारा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मूत्रपिंडाच्या आजारांवर उपचार करणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरला एक प्रश्न हमखास विचारला जातो. तो बहुधा अगदी शेवटी, तपासणी आटोपून खुर्चीतून उठता उठता येतो. मुलगी बाहेर बाकावर जाऊन बसलेली असते आणि तिची आई आवाज खाली आणून विचारते, ''डॉक्टर, हिच्या लग्नाचं बघतोय. पुढे काही अडचण नाही ना येणार?'' 'पुढे' म्हणजे मूल. लग्न झालेलं असेल तर हाच प्रश्न सासूबाई विचारतात, कधी नवरा विचारतो. जिच्या पोटात ते मूल वाढायचं, ती स्वतः मात्र क्वचितच विचारते. आज मी या प्रश्नाचं उत्तर देणार आहे, आणि ते त्या मुलीला उद्देशूनच देणार आहे.

किडनीचा आजार म्हटलं की अनेकांना मूतखडा आठवतो. मी बोलतोय तो वेगळा, तीन महिन्यांहून जास्त काळ चाललेला जुनाट आजार. आपल्या प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात. त्यांना सूज येते, त्या हळूहळू निकामी होतात, लघवीतून प्रथिनं वाहून जाऊ लागतात, रक्तदाब वाढतो. तरुण मुलींमध्ये याची कारणं अनेक असतात. कुणाला आयजीए नावाचा गाळण्यांचा विकार असतो, कुणाला ल्यूपस, कुणाला लहानपणापासूनचा मधुमेह. कुणाच्या बाबतीत लघवी उलटी वर चढून बालपणीच किडनीवर व्रण पडलेले असतात. दुखत काहीच नाही, म्हणून आजार आहे हे पटतही नाही.

एके काळी अशा मुलीला डॉक्टरांचं उत्तर ठरलेलं असे : मूल नको. 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकाने १९७५ साली जरा उपरोधानेच लिहिलं होतं की, किडनीचा विकार असलेल्या स्त्रियांची मुलं पूर्वी जन्मलीच तर जिवावर बेतून जन्मत, आणि डॉक्टरांचं चाललं असतं तर जन्मलीच नसती. तरीही जिद्दीच्या बायका होत्याच. अमेरिकेतल्या एडिथ हेल्म यांना १९५६ साली त्यांच्या जुळ्या बहिणीने किडनी दिली. बॉस्टनला डॉ. जोसेफ मरे यांनी ते प्रत्यारोपण केलं. दोन वर्षांनी, १९५८ च्या मार्चमध्ये, एडिथबाईंना मुलगा झाला. प्रत्यारोपणानंतर आई झालेली जगातली ही पहिली स्त्री. त्या २०११ पर्यंत जगल्या.

आज सरसकट 'नाही' म्हणणारा डॉक्टर चुकतो, आणि 'काही होत नाही, देवाचं नाव घ्या' म्हणणाराही चुकतो. उत्तर दडलेलं असतं तीन आकड्यांमध्ये : रक्तातलं क्रिएटिनिन, लघवीतली प्रथिनं आणि रक्तदाब. हे तीन आकडे दिवस जाण्याआधी पाहिले, तर करण्यासारखं खूप असतं. पाचव्या महिन्यात पाहिले, तर पुष्कळसं हातातून गेलेलं असतं. माझ्या सगळ्या बोलण्याचं सार एवढंच आहे.

आता हे आकडे इतके महत्त्वाचे का, ते सांगतो. गरोदरपणात पोट वाढलेलं दिसतं, पण किडन्यांचं काम वाढलेलं कुणाला दिसत नाही. पहिल्या काही आठवड्यांतच किडन्यांकडे जाणारं रक्त वाढतं आणि गाळण्याचं काम जवळजवळ दीडपट होतं. किडनीची लांबीसुद्धा साधारण एक सेंटिमीटरने वाढते. त्यामुळे रक्तातला कचरा जास्त वेगाने बाहेर पडतो आणि क्रिएटिनिन खाली येतं. निरोगी गरोदर स्त्रीत ते ०.४ ते ०.८ मिलिग्रॅमच्या दरम्यान असतं.

इथेच एक फसगत होते. प्रयोगशाळेच्या छापील कागदावर क्रिएटिनिनची मर्यादा १.१ किंवा १.२ अशी दिलेली असते. ती गरोदर नसलेल्यांसाठी असते. एखाद्या गरोदर बाईचं क्रिएटिनिन १ आलं, तर कागदावर त्याच्यापुढे लाल खूण नसते. घरचे म्हणतात, रिपोर्ट नॉर्मल आहे. प्रत्यक्षात तो नॉर्मल नसतो. गरोदरपणात ०.९ आकडा दिसला तरी माझ्यासारखा डॉक्टर सावध होतो. जी किडनी आधीच थकलेली आहे, तिला दीडपट काम झेपत नाही, आणि खाली यायला हवं ते क्रिएटिनिन जागचं हलत नाही. हीच त्या किडनीची तक्रार असते.

मग धोका किती? इटलीत तुरिन आणि कॅलियारी या शहरांमध्ये डॉक्टरांनी किडनीचा आजार असलेल्या स्त्रियांच्या ५०४ गरोदरपणांचा अभ्यास केला. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. मूल ३७ आठवडे भरण्याआधी जन्मण्याचं प्रमाण निरोगी स्त्रियांमध्ये शंभरात सहाच्या आत होतं. आजार अगदी पहिल्या पायरीवर असलेल्यांमध्ये ते शंभरात २३ ते २४ होतं, दुसऱ्या पायरीवर निम्मं, तिसऱ्या पायरीवर ७८ आणि त्याही पुढे जवळजवळ ८९. म्हणजे किडनीचं काम चांगलं चाललेलं असतानाही धोका वाढतोच. पण यातून दुसरीही गोष्ट कळते. पहिल्या पायरीवरच्या चार स्त्रियांपैकी तिघींची मुलं पूर्ण दिवसांची झाली.

हे झालं बाळाचं. आईचं काय? क्रिएटिनिन १.४ च्या आत असेल, रक्तदाब ताब्यात असेल आणि लघवीतून प्रथिनं फारशी जात नसतील, तर गरोदरपणामुळे किडनीचं कायमचं नुकसान होण्याची भीती कमी असते. आकडा वर सरकतो तशी ही भीती वाढत जाते. क्रिएटिनिन २ च्या वर असेल, तर सुमारे एक-तृतीयांश स्त्रियांमध्ये किडनीची घसरण झपाट्याने होते. जे डायलिसिस आणखी पाच-सात वर्षांनी लागलं असतं, ते बाळ रांगायच्या आत दारात येऊन उभं राहू शकतं. क्रिएटिनिन वाढलेलं आणि शिवाय लघवीतून दिवसाला एक ग्रॅमहून जास्त प्रथिनं जाणारी, अशी दोन्ही दुखणी एकत्र असतील तर जोखीम सर्वांत मोठी. हे सगळं मी मुलीला आकड्यांसकट सांगतो. ते ऐकून ती 'थांबते' म्हणाली तरी बरोबर, आणि 'तरीही मला हवंय' म्हणाली तर तिला सांभाळणं हे आमचं काम.

दुसरा मोठा विषय गोळ्यांचा. किडनीच्या रुग्णांना टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल अशा गोळ्या सर्रास दिल्या जातात. त्या रक्तदाब कमी करतात आणि लघवीतली प्रथिनंही कमी करतात. पण पोटातल्या बाळाला त्या घातक असतात. चौथ्या महिन्यानंतर बाळाभोवतीचं पाणी हे बहुतांशी बाळाचीच लघवी असते. या गोळ्यांमुळे बाळाच्या किडन्या काम करेनाशा होतात, पाणी आटतं, आणि पाणी आटलं की बाळाची फुप्फुसं नीट वाढत नाहीत. म्हणून यांतल्या काही गोळ्या दिवस राहण्याआधीच बदलाव्या लागतात, तर काही पाळी चुकल्याचं कळताच त्या दिवशी. त्यांच्याऐवजी लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा ही औषधं देता येतात. ती गरोदरपणात वर्षानुवर्षं वापरात आहेत.

मायकोफिनोलेट हे औषध प्रत्यारोपणानंतर आणि ल्यूपसमध्ये दिलं जातं. त्याने गर्भपात होतात, बाळाच्या कानात आणि टाळूत व्यंग येऊ शकतं. ते गर्भधारणेच्या किमान सहा आठवडे आधी थांबवून दुसरं औषध सुरू करावं लागतं. सायक्लोफॉस्फमाइडचंही तसंच, शिवाय ते जास्त प्रमाणात घेतलं तर मूल होण्याची क्षमताच कमी करतं. मधुमेह आणि किडनीसाठी हल्ली दिली जाणारी डॅपाग्लिफ्लोझिनसारखी नवी औषधंही थांबवायची असतात.

पण याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. पाळी चुकली की अनेक मुली घाबरून सगळ्याच गोळ्या बंद करतात. शेजारची कुणीतरी सांगते, 'पोटुशी बाई औषधं घेत नाही गं.' ल्यूपसच्या रुग्णाने असं केलं तर दबलेला आजार उसळतो. प्रत्यारोपण झालेलीने केलं तर शरीर ती किडनी नाकारू शकतं. प्रेडनिसोलोन, अॅझाथायोप्रिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, टॅक्रोलिमस ही औषधं गरोदरपणात देखरेखीखाली चालू ठेवता येतात, ठेवायलाच हवीत. आई धड राहिली तरच बाळ धड राहतं.

माझ्याकडे एक तरुणी यायची. तिच्या माहेरच्यांनी आजार सासरी सांगितला नव्हता. गोळ्यांची पाकिटं ती कपाटात साड्यांच्या घडीत ठेवायची आणि कुणी घरात नसताना घ्यायची. दिवस राहिले तेव्हा औषध बदलायला शहरात यायचं तर सासरी काय सांगणार? ती आली ती पाचवा महिना सरताना. सोनोग्राफीत पाणी अगदी कमी झालेलं होतं. गोळ्या बदलल्या, पण ते बाळ हाती लागलं नाही. तिच्या नवऱ्याला सगळं कळलं ते त्या दिवशी, माझ्यासमोर. तो रागावेल असं तिला वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला, ''आधी सांगितलं असतंस तर मीच घेऊन आलो असतो.'' लग्नाच्या बोलणीत आजार लपवावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी या वाक्याचा विचार करावा. लपवलेल्या आजाराची किंमत मुलीलाच मोजावी लागते.

म्हणून आमचा पहिला सल्ला ऐकायला विचित्र वाटतो. मूल हवं असलेल्या मुलीला आम्ही आधी पाळणा लांबवायला सांगतो. औषधं बदलायची, नव्या औषधांवर रक्तदाब स्थिरावलेला पाहायचा, ल्यूपस असेल तर तो किमान सहा महिने शांत राहिलेला पाहायचा, आणि मग हिरवा कंदील दाखवायचा. त्या काळासाठी तांबी चालते. इस्ट्रोजेन असलेल्या नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्या मात्र रक्तदाब वाढलेल्या आणि लघवीतून प्रथिनं जाणाऱ्या स्त्रियांनी टाळाव्यात. 'माझी पाळी अनियमित आहे, मला दिवस जाणारच नाहीत' या भरवशावरही राहू नये.

आता प्रत्यक्ष गरोदरपणाकडे येऊ. घरी रक्तदाब मोजायचं यंत्र घ्या आणि आकडे वहीत लिहा. आमचं लक्ष्य साधारण १३५/८५ च्या आत ठेवण्याचं असतं. १४०/९० दिसला तर डॉक्टरांना फोन करा. १६०/११० दिसला तर फोन करत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. तिसरा महिना संपता संपता कमी मात्रेचं अॅस्पिरिन सुरू केलं जातं, त्याने प्री-एक्लॅम्प्सियाचा धोका कमी होतो. हा गरोदरपणातला रक्तदाबाचा भयंकर विकार. यात रक्तदाब एकदम चढतो, डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, बरगड्यांखाली दुखतं, झटकेही येऊ शकतात. किडनीच्या रुग्णांमध्ये तो ओळखणं अवघड असतं, कारण रक्तदाब आणि लघवीतली प्रथिनं आधीपासूनच वाढलेली असतात. जुना आजार बळावला की हा नवा विकार आला, हे ठरवायला सुरुवातीचे आकडे हाताशी लागतात. ते नसतील तर डॉक्टर अंधारात चाचपडतात.

क्रिएटिनिन, लघवीतली प्रथिनं, हिमोग्लोबिन, लघवीतला जंतुसंसर्ग यांची तपासणी ठरल्या वेळी व्हावी. बाळाची वाढ सोनोग्राफीत पुन्हा पुन्हा पाहावी. आहाराबद्दल सांगायचं तर मीठ बेताचं, पण डाळ-उसळ बंद करू नका. किडनीचा आजार म्हणून प्रथिनं पार तोडणारी बाई बाळालाही उपाशी ठेवते. पायावरच्या सुजेला 'दिवसांची सूज' म्हणून सोडून देऊ नका. आणि गावठी, झाडपाल्याची किंवा भस्माची औषधं कुणी कितीही प्रेमाने दिली तरी घेऊ नका.

आपल्याकडचा आणखी एक पेच म्हणजे माहेरचं बाळंतपण. सातव्या महिन्यात डोहाळेजेवण होतं आणि मुलगी माहेरी जाते. चालरीत गोड आहे. पण किडनीच्या रुग्णासाठी सगळ्यात नाजूक काळ तिथूनच सुरू होतो, आणि नेमके त्याच वेळी डॉक्टर बदलतात, गाव बदलतं, फाइल सासरच्या कपाटात राहते. तेव्हा पाचव्या महिन्यातच ठरवा की बाळंतपण कुठे होणार. जिथे स्त्रीरोगतज्ज्ञ, किडनीचे डॉक्टर आणि कमी दिवसांच्या बाळासाठी काचेच्या पेटीची सोय एका छपराखाली आहे, ती जागा निवडा. ती माहेरच्या गावी असेल तर उत्तम. नसेल तर आईला आपल्याकडे बोलवा. माहेरपण बाळंतपणानंतरही होतं.

ज्यांना आपल्याला आजार आहे हेच ठाऊक नाही, त्यांच्यासाठीही दोन शब्द. कितीतरी जणींच्या किडनीचा आजार पहिल्यांदा गरोदरपणातच उघडकीस येतो. लघवीत प्रथिनं पाचव्या महिन्याआधीच दिसली, तर ती बहुधा जुन्या आजाराची खूण असते. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते, त्यात रक्तदाब आणि लघवीही पाहतात. पहिल्या तीन महिन्यांतच नाव नोंदवा.

डायलिसिसवर असताना मूल होतं का? होतं. इटलीतल्या डॉक्टरांनी १९७१ साली अशा पहिल्या यशस्वी बाळंतपणाची नोंद केली. पण त्यासाठी डायलिसिसचे तास खूप वाढवावे लागतात. कॅनडा आणि अमेरिकेतल्या स्त्रियांचा एक अभ्यास २०१४ साली आला. आठवड्याला ३६ तासांहून अधिक डायलिसिस घेणाऱ्यांमध्ये जिवंत बाळ जन्मण्याचं प्रमाण ८५ टक्के होतं, २० तास किंवा त्याहून कमी घेणाऱ्यांमध्ये ४८ टक्के. आपल्याकडे आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास मिळतात, तेही कित्येकींना एसटीने तालुक्याला जाऊन. ३६ तासांचं गणित इथे बहुतेकींना झेपणारं नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. अशा मुलीला प्रत्यारोपण होईपर्यंत थांबायचा सल्ला आम्ही देतो. नवी किडनी किमान एक वर्ष नीट चालली, क्रिएटिनिन १.५ च्या आत स्थिर राहिलं, लघवीतून प्रथिनं जात नसली, तर औषधं बदलून पुढे जाता येतं. किडनी बसवलेल्या कितीतरी आया आज आपल्या मुलांचे डबे भरत आहेत.

बाळ हाती आलं की सगळे पेढे वाटायला जातात आणि बाईकडे दुर्लक्ष होतं. बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात रक्तदाब पुन्हा चढू शकतो, तेव्हा मोजणं थांबवू नका. सिझेरियननंतरच्या वेदनांसाठी डायक्लोफिनॅकसारखी औषधं किडनीच्या रुग्णाला देऊ नयेत, हे आधीच सांगून ठेवा. प्रेडनिसोलोन, अॅझाथायोप्रिन, टॅक्रोलिमस घेणाऱ्या आईला अंगावर पाजता येतं. रक्तदाबासाठी एनालाप्रिलसुद्धा पाजणाऱ्या आईला देता येतं. बाळ फार कमी दिवसांचं असेल तर मात्र बालरोगतज्ज्ञांना विचारून. आणि दीड महिन्याने बाळाच्या लसीबरोबर स्वतःचंही क्रिएटिनिन तपासून घ्या.

सगळं ऐकून एखादी मुलगी म्हणेल, मला ही जोखीम नको. तिच्या त्या निर्णयालाही घरच्यांनी मान द्यावा. दत्तक मुलाला मांडीवर घेणारी आई काही कमी आई नसते, आणि मूल नसलेलं घरही घरच असतं. 'वंशाचा दिवा' हा शब्द मी रुग्णांच्या नातेवाइकांकडून फार वेळा ऐकतो. पण डायलिसिसच्या खुर्चीवर बसलेल्या आईला त्या दिव्याचं तेल किती दिवस पुरणार, हे कुणी विचारत नाही.

तर मुलींनो, लग्न ठरायच्या आधी नाही जमलं, तर निदान पाळी चुकायच्या आधी आपल्या डॉक्टरांकडे जा. नवऱ्याला बरोबर न्या. आणि या वेळी प्रश्न तुम्ही स्वतः विचारा. एका छोट्या कागदावर चार ओळी लिहून घ्या : आजाराचं नाव, क्रिएटिनिन, लघवीतली प्रथिनं, चालू गोळ्या. तो कागद फाइलमध्ये ठेवू नका, कपाटात तर नाहीच नाही. तो पर्समध्ये ठेवा. रात्री-अपरात्री कुठल्याही गावच्या दवाखान्यात जावं लागलं, तर तिथल्या डॉक्टरला तुमची किडनी त्या चार ओळींतूनच कळणार आहे.